श्रीफळाआधी शुल्क

मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर दोन खर्च एकाच वेळी येऊन उभे राहतात. एक सोयाबीनच्या बियाण्याचा आणि खताचा, दुसरा दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या अथवा मुलीच्या प्रवेशाचा. आणि पेरणी चुकली तर वर्षाचीच शाश्वती उरत नसल्यामुळे पहिल्या खर्चाला अग्रमान मिळून दुसरा उसनवारीवर, सावकाराच्या इतबारावर किंवा गोठ्यातील एखाद्या जनावराच्या विक्रीवर ढकलला जातो. पीककर्ज मंजूर होण्याची मुदत आणि महाविद्यालयात शुल्क भरण्याची मुदत यांचा मेळ कोणत्याही कचेरीने आजवर घातलेला नाही. पुढे प्रवेशाची धांदल ओसरते, प्रमुख पाहुण्यांना सवड होते, आणि आषाढ-श्रावणात तालुक्या-तालुक्यांतून गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो.

या समारंभांविषयी तुच्छतेने बोलण्याची एक नागरी रीत आहे; ती मला मान्य नाही. ज्या चौकात एरवी वर्षभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लोंबत असतात, त्या चौकात एखाद्या सालगड्याच्या मुलीचे छायाचित्र तिच्या गुणांसह चार दिवस झळकावे, तिच्या आईने ठेवणीतले लुगडे नेसून सभागृहाच्या पहिल्या रांगेत बसावे आणि तिचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, ध्वनिक्षेपकावरून उच्चारले जावे, ही सामान्य घटना नव्हे. ज्या घरात तीन पिढ्यांत कोणाचे नाव सातबाराच्या उताऱ्याखेरीज कोठे छापून आले नाही, त्या घरात ते सन्मानचिन्ह टीव्हीच्या शेजारी वर्षानुवर्षे पुसून ठेवले जाते. पतसंस्था, शिक्षक संघटना, ज्ञातिसंस्था, गणेश मंडळे आणि व्यापारी संघ यांच्या या उद्योगात सद्भाव पुष्कळ आहे. थोडी हौस आहे, थोडे राजकारण आहे, पण ते कोठे नसते? माझा आक्षेप समारंभाला नसून त्याच्या तिथीला आणि त्याच्या निमंत्रितांच्या यादीला आहे.

यादीपासून आरंभ करू. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले आणि त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागाचे, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांचे होते. हा आकडा वाचून कोणाचीही छाती फुगावी. परंतु त्याच वर्षी राज्याचा निकाल ९४.१० टक्के असताना याच लातूर विभागाचा निकाल त्याहून कमी होता. ज्या विभागाने राज्यातील निम्म्याहून अधिक परिपूर्ण विद्यार्थी दिले, तोच विभाग सर्वसाधारण विद्यार्थ्याला उत्तीर्ण करण्यात राज्याच्या सरासरीच्या मागे राहिला, ही विसंगती मला त्या ११३ जणांच्या यशापेक्षा अधिक विचारार्ह वाटते. (क्रीडा व कला यांचे वाढीव गुण आणि सहांपैकी उत्तम पाच विषयांची बेरीज यांमुळे शंभराचा आकडा पूर्वीइतका दुर्लभ राहिलेला नाही, हे मी जाता जाता नमूद करतो; त्याने त्या मुलांच्या परिश्रमांना उणेपणा येत नाही.) राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली त्याला एक तपाहून अधिक काळ लोटला. गुणानुक्रमाने निर्माण होणारी अनिष्ट स्पर्धा थांबावी असा त्यामागील हेतू. पण मंडळाने जे सोडले ते आम्ही गल्लोगल्ली उचलले, आणि आज प्रत्येक तालुक्याची, प्रत्येक ज्ञातीची आणि प्रत्येक शिकवणी वर्गाची आपापली गुणवत्ता यादी आहे. या सर्व याद्यांत नावे बहुधा तीच असतात. एकाच मुलीला एका महिन्यात पाच शाली मिळतात, आणि तिच्याच बाकावर बसून, घरचा स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचे सर्व काही उरकून ज्या मुलीने बासष्ट टक्के मिळवले, तिचे नाव कोणत्याच यादीत येत नाही, कारण यादीची सीमारेषा नव्वदावर, फार उदार आयोजक असले तर ऐंशीवर, आखलेली असते.

शाळा सोडण्याचा धोका मात्र या दुसऱ्या मुलीला आहे. पंचाण्णव टक्केवाल्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालये जाहिराती देतात, शिकवणीचालक शुल्कात सूट देऊन त्याला आपल्या वर्गात ओढतात, नातेवाईक खोलीभाडे देऊ करतात. बासष्ट टक्क्यांच्या मुलीसाठी स्थळे पाहण्यास आरंभ होतो.

पालकांच्या अपेक्षांविषयी बोलताना लेखक मंडळी सहसा उपदेशकाची भूमिका घेतात. मुलांवर ओझे लादू नका, त्यांना त्यांच्या आवडीचे करू द्या, असे सांगतात. पुण्या-मुंबईच्या वकील-अभियंत्यांच्या कुटुंबांना हा उपदेश शोभेल. २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लक्ष वस्ती असलेला, आणि नीती आयोगाने २०१८ मध्ये ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत ज्याचा समावेश झाला, त्या या जिल्ह्यात पालकाची अपेक्षा ही हौस नसून हिशेब आहे. तीन एकर जमीन, तिच्यात दोन भावांचा हिस्सा, पाऊस एका वर्षी दगा देतो आणि दुसऱ्या वर्षी, जसे २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात झाले तसे, उभ्या पिकासह घरातील पुस्तके-वह्याही वाहून नेतो. अशा स्थितीत मुलाने डॉक्टर व्हावे किंवा सरकारी नोकरीत लागावे याखेरीज त्या बापाने दुसरी कोणती अपेक्षा धरावी? शेती सोडून जाण्याचा जो एकच रस्ता त्याला दिसतो त्यावर तो मुलाला ढकलतो. त्याचे चुकते असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या घरी दरमहा वेतन येते त्याला नाही.

परंतु हा रस्ता बहुतेकांच्या बाबतीत लातूरच्या शिकवणी वर्गांतून जातो, आणि तो फुकट नाही. शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे, खाणावळीचा महिना. पहिल्या प्रयत्नात यश न आले तर रिपीटर बॅचचे आणखी एक वर्ष, आणि कित्येक घरांत त्याच्याही पुढचे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला देशभरातून वीस लक्षांहून अधिक विद्यार्थी बसतात. धाराशिव येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची प्रवेशक्षमता शंभर आहे. या दोन आकड्यांमधील अंतर गुणगौरवाच्या व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. तेथून सांगितले जाते ते असे की मनात आणले तर काहीही अशक्य नाही, आणि या सभागृहातूनच उद्याचे कलेक्टर व सर्जन निर्माण होणार आहेत. हे भाषण मुले विसरून जातात. पालक विसरत नाहीत. पाहुण्यांच्या त्या वाक्याच्या आधारावर एखादा एकर गहाण पडतो. मग वर्ष-दीड वर्षाने त्या मुलाला जेव्हा उमजते की आपला कल रसायनशास्त्राकडे नसून, समजा, लेखापालाच्या कामाकडे आहे, तेव्हा ते घरी बोलण्याची त्याची ताकद राहिलेली नसते, कारण जमिनीबरोबर तोही तारण पडलेला असतो. आपल्या समारंभांनी पालकांच्या अपेक्षा वाढवल्या आणि त्या अपेक्षांचा खर्च मात्र पालकांच्याच माथी ठेवला, ही माझी मुख्य तक्रार आहे.

सत्कार कसा असावा याचा एक नमुना आपल्या इतिहासात आहे, आणि त्याची आठवण या जिल्ह्याला करून देणे अप्रस्तुत होणार नाही. कारण त्या सत्काराचे उत्सवमूर्ती पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत वतनदार परिषदेसाठी याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे आले आणि तेथील शाळेत त्यांचा मुक्काम झाला. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीसही भरत नाहीत. आजच्या कोणत्याही गुणगौरव समितीने हा अर्ज पहिल्याच छाननीत बाजूस ठेवला असता. त्या वेळच्या मुंबईकरांनी मात्र गुणपत्रिकेपेक्षा त्या मुलाने कोठून कोठपर्यंत मजल मारली हे पाहिले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने व ग्रंथकाराने स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

पण या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुस्तकाचा नसून त्यानंतरचा आहे. सभा बरखास्त झाल्यावर केळुसकर गुरुजींनी आपले कर्तव्य संपले असे मानले नाही. इंटरची परीक्षा होऊन पुढील शिक्षणाचा खर्च वडील रामजी सुभेदार यांच्या ऐपतीबाहेर जाऊ लागला, तेव्हा गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे स्वतः शिफारस केली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर करून घेतली. पदवीनंतर १९१३ साली अमेरिकेस जाण्यासाठी बडोदे सरकारने तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेही दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेऊन. म्हणजे ते साहाय्यही बिनशर्त नव्हते, आणि त्या शर्तीने पुढे त्यांना मनस्ताप दिला. तरीही एवढे खरे की पैसा शुल्काच्या वेळी आला, पराक्रमानंतर बक्षीस म्हणून आला नाही. ज्याने सत्कार केला त्यानेच पुढची जबाबदारी शिरावर घेतली, आणि सत्कारमूर्तीच्या घरची आर्थिक स्थिती त्याला ठाऊक होती. आज ज्यांच्या गळ्यात आपण हार घालतो त्यांच्या घरी पुढील वर्षाचे शुल्क कोठून येणार, असा प्रश्न व्यासपीठावरील किती जणांनी विचारलेला असतो?

सरकार आहे ना, असे यावर कोणी म्हणेल. सरकार आहे, आणि त्याच्या योजनाही आहेत. त्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांचा तपशील पाहिला म्हणजे मन चक्रावते. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमातींच्या व भटक्या-विमुक्तांच्या मुलींनी शाळेत यावे म्हणून १९९२ मध्ये पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी जो उपस्थिती भत्ता सुरू झाला तो दिवसाला एक रुपया होता, आणि तीन दशके उलटून गेली तरी तो एकच रुपया राहिला. शिष्यवृत्ती परीक्षेत यशस्वी होणाऱ्या पाचवीच्या मुलाला वर्षाला पाच हजार आणि आठवीच्या मुलाला साडेसात हजार रुपये मिळू लागले ते अगदी अलीकडे. २०२४ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ झाले, हा निर्णय निःसंशय स्वागतार्ह. परंतु वसतिगृहाचे व खाणावळीचे बिल त्यात येत नाही, आणि लोहाऱ्याच्या किंवा वाशीच्या मुलीच्या दृष्टीने शुल्कापेक्षा गाव सोडून राहण्याचाच खर्च जड असतो. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर जमा होईपर्यंत कित्येकदा वर्ष सरते, आणि ती येईपर्यंत थांबण्याइतका धीर सर्वच महाविद्यालयांच्या दफ्तराला नसतो.

कागदपत्रांचा भाग तर वेगळाच. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, त्याची वैधता, आधारशी जोडलेले बँक खाते. या प्रत्येकासाठी तालुक्याच्या गावी एक खेप, आणि प्रत्येक खेपेला आई-बापापैकी एकाची मजुरी बुडते. गरिबी सिद्ध करण्यासाठी इतका खर्च करावा लागावा हे आमच्या राज्यकारभाराचे एक वैशिष्ट्य आहे. निजामी अमदानीत येथील मुलांना परक्या भाषेतून शिकावे लागे, तेव्हा १९२१ मध्ये हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांसारखा पुरुष तिचा मुख्याध्यापक झाला. आज भाषा आपली आहे, राज्य आपले आहे. पण ऑनलाइन अर्जातील एखादा रकाना चुकल्यामुळे ज्याची शिष्यवृत्ती एक वर्ष अडकून पडली आहे त्या मुलाला राज्य परके वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

तेव्हा समारंभाच्या आयोजकांनी काय करावे? माझ्या मते त्यांनी समारंभ करावाच, पण त्याचा निम्मा खर्च दोन महिने आधी करावा. मे महिन्यात निकाल लागताच तालुक्यातील शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारावे की प्रवेशाच्या पहिल्या हप्त्यापायी कोणाचे अडते आहे. त्यांची नावे मुख्याध्यापकांपुरतीच राहावीत. आणि पैसा मुलाच्या किंवा पालकाच्या हाती न देता परस्पर महाविद्यालयात, वसतिगृहात किंवा एस. टी. च्या पासासाठी भरला जावा. शासनाची शिष्यवृत्ती पुढे जमा झाली म्हणजे पालकाने ऐपतीप्रमाणे ती रक्कम परत करावी, म्हणजे तीच पुढल्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येईल. ज्याला परत करणे जमणार नाही त्याच्याकडे मागू नये. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांची उणीव नाही, आणि कर्जाची वसुली कशी करावी हे त्यांना सांगावे लागत नाही. एवढे एक कर्ज वसुलीच्या तगाद्याविना देऊन पाहावे.

नावे मुख्याध्यापकांपुरती राहावीत या अटीवर मी विशेष भर देतो. सत्कार चारचौघांत व्हावा, साहाय्य मात्र चारचौघांत होऊ नये. वह्यांचा गठ्ठा देताना पाच दात्यांनी एका लहान मुलाभोवती उभे राहून काढलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, आणि ते प्रसिद्ध करणाऱ्या आम्हा लोकांच्याही मनात ही शंका येत नाही की तो मुलगा त्याच दिवशी त्याच शाळेत वर्गमित्रांच्या शेजारी बसणार आहे. मदतीचे याहून वेगळे नमुनेही आपल्याकडे आहेत. पुण्याला १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलांना अल्प खर्चात निवास-भोजन द्यायचे आणि मुलांनी स्वतःही काम करायचे, ही तिची रीत. १९९३ च्या सप्टेंबरातील भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि परिसर जमीनदोस्त केला तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. त्यांना कोणी टक्केवारी विचारली नव्हती. आपत्ती मोठी असली म्हणजे आपल्याला निकष सुचतो, आणि ती घरोघर विखुरलेली असली म्हणजे सुचत नाही, असे काहीसे आपले झाले आहे.

शेवटी एक अगदी व्यवहाराची गोष्ट सांगतो. आठवीतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकाचे, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारे आणि सातवीत पंचावन्न टक्के मिळवलेले मूल तिला बसू शकते. अनुसूचित जाती-जमातींना त्यातही पाच टक्क्यांची सवलत आहे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दरसाल बारा हजार, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार रुपये मिळतात, आणि महाराष्ट्राचा वाटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. या रकमेत शिक्षण विकत मिळत नाही हे खरे, पण ऊसतोड मजुराच्या घरी मुलाला शाळेत ठेवावे की कोयत्याबरोबर न्यावे याचा निर्णय बदलण्यास ती पुरेशी आहे. अडचण अशी की अलीकडे ही परीक्षा डिसेंबरात होते. आणि भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतील हजारो मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघालेले असतात, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. ज्या मुलांसाठी ही परीक्षा निर्माण झाली त्यांतील कित्येक जण परीक्षेच्या दिवशी गावापासून दूर उसाच्या फडात असतात.

हा अर्ज विद्यार्थ्याने नव्हे, शाळेने भरायचा असतो. या चार तालुक्यांतील मुख्याध्यापकांना, आणि पुढल्या श्रावणात शाली-श्रीफळे वाटण्याचे ज्यांनी योजले आहे त्या सर्व मंडळींना, माझी विनंती आहे की त्यांनी दसऱ्यापूर्वी आठवीच्या पटावरील स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी करावी, त्यांचे उत्पन्नाचे दाखले पालक गावात असतानाच काढून घ्यावेत, आणि हंगामी वसतिगृहात किंवा एखाद्या नातेवाइकाच्या घरी परीक्षा होईपर्यंत त्यांच्या राहण्या-जेवणाचा बंदोबस्त करावा.